स्टॉलवरची मामी

नेमणुकीचं पत्र वडिलांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "प्रदर्शन समन्वयक म्हणजे नेमकं करायचं काय असतं?"

मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीच्या. वडिलांची तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिण्यात गेली. काम म्हणजे टेबल, खुर्ची, जावक क्रमांक आणि संध्याकाळी वेळेवर लागणारं कुलूप, एवढीच आमची समजूत. मी म्हटलं, बियाण्यांची कंपनी आहे, कृषी प्रदर्शनात त्यांचा स्टॉल असतो, तो उभा करायचा, माणसं बोलवायची, पत्रकं वाटायची. वडील म्हणाले, "म्हणजे मांडव घालायचा." आईनं देवापुढे साखर ठेवली. सहा महिने कच्ची नेमणूक होती, मग काम पाहून पक्की.

कंपनीचं ऑफिस यवतमाळात आर्णी रोडवर, खाली टायरचं दुकान आणि वर आम्ही. आम्ही म्हणजे नागपूरहून आलेले मॅनेजर साहेब, म्हातारे शिपाई काका आणि मी. पहिल्या दिवशी साहेबांनी मला डिसेंबरात भरणाऱ्या प्रदर्शनाचा नकाशा दिला आणि फाटकाजवळच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "हा आपला. आता तुमचा."

ती वर्षं आमच्या जिल्ह्याची फार वाईट होती. कापूस धड पिकत नव्हता आणि पिकला तर त्याला कुणी धड विचारत नव्हतं. बाहेरगावी 'मी यवतमाळची' म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून बोलायचा, जणू माझ्या घरी कुणी आजारी आहे. दिल्ली-मुंबईची माणसं गाड्या घेऊन यायची, गावं पाहायची, परत जायची. अशा दिवसांत मैदानावर मांडव घालून फुग्यांची कमान उभारायची, लाऊडस्पीकर लावायचा, हे मला विचित्र वाटत होतं आणि मी ते बोलून दाखवलं. साहेब हसले.

"मॅडम, लोक परेशान असतात तेव्हाच बियाणं बदलतात. आपला खरा सीझन हाच आहे."

मी गार झाले. कुणी असं उघड बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण पहिला आठवडा होता, मी मान डोलावली आणि वहीत 'कमान' असं लिहिलं.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात कंपनीच्या वावरातून पाच पऱ्हाट्या आल्या. कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. मुळासकट उपटून, ओल्या पोत्यांत गुंडाळून आणलेल्या. शिपाई काकांनी त्यातली एक ड्रममध्ये माती भरून उभी केली आणि बाकीच्या चार जमिनीवर आडव्या टाकल्या. मग चष्मा लावून ते सुई ओवत बसले. मी पाहतेय तोवर त्यांनी आडव्या झाडांवरची बोंडं देठासकट खुडली आणि हिरव्या दोऱ्यानं उभ्या झाडाला बांधायला सुरुवात केली. एका फांदीला चार बोंडं होती तिथं अकरा झाली.

"काका, हे काय करता?"

"सजवून राह्यलो. पोरगी दाखवाच्या वक्ताले पावडर नाही लावत का, ताई? जरा धागा धरा बरं, ताणून."

मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं. पण काका इतके शांतपणे काम करत होते, हार ओवावा तसे, की आपणच काही गावंढळपणा करतोय असं वाटलं. मी धागा धरला. चांगला ताणून धरला.

आता उरला होता शेतकरी. स्टॉलवर 'आमच्या वाणाचा यशस्वी शेतकरी' म्हणून एक मोठा फोटो लावायची पद्धत होती. कंपनीच्या यादीतल्या दोघांना मी निरोप धाडले. एकाचं पीक बोंडअळीनं खाल्लं होतं, दुसऱ्यानं फोटोला सरळ नाही म्हटलं. साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "तुमचं नाही का कुणी शेतीत? चांगली पऱ्हाटी आणि चांगला चेहरा, बस."

माझं होतं. मारेगावच्या बाजूला एका खेड्यात माझी मामी शेती करायची. मामा वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. त्यामुळे पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं मामीच्या अंगावर. मला ती लहानपणापासून आवडायची, कारण ती कुणालाच बरं वाटावं म्हणून बोलत नसे. तिच्या स्वयंपाकघरात एक तार बांधलेली होती आणि त्या तारेत दर वर्षीच्या बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या टोचून ठेवलेल्या. कोणतं बी किती उगवलं, कशावर रोग आला, ते तिला पिशवी पाहून आठवायचं. मे महिन्यात गावातल्या बायका तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि तिला विचारून बी ठरवायच्या. मामीनं सांगितलं की विषय संपला. पाच-सहा जणींची त्यांची टोळीच होती. वेचणी पारीपारीनं चालायची, आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. मामा घरी नसताना मामीला माणसांचा आधार होता तो या बायकांचाच.

कंपनीचा कॅमेरा घेऊन मी रविवारी गेले. मामीनं लग्नकार्यातली जांभळी साडी नेसली, केसांना तेल लावलं आणि मला विहिरीजवळच्या तुकड्यात नेलं. तिथली पऱ्हाटी तिच्या खांद्याला लागत होती, पांढरी फुटलेली.

"हे पाह्य," ती म्हणाली, "हे जे चांगलं दिसून राह्यलं ना, ते पाण्यानं. बियानं नाही. विहीर हाय म्हणून एवढा तुकडा वाचला. तिकडं पाह्य."

तिकडे तिचंच कोरडवाहू वावर होतं. झाडं गुडघ्याएवढी, पानं लालसर. धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, शेजारणीचं वावर त्याहून वाईट.

"अन् बी दुसऱ्या कंपनीचं हाय. लिहून घे."

मी वहीत लिहून घेतलं. कंपनीचं नाव, वाणाचं नाव, विहिरीचं पाणी, सगळं.

"मंग तुह्या कंपनीले माहा फोटो कायले पायजे?"

"स्टॉल शोभून दिसतो ना, मामी."

मला साहेबांनी हेच सांगितलं होतं आणि मलाही ते पुरेसं वाटलं. मामी हसली, एक फुटलेलं बोंड हातात धरून उभी राहिली. फोटो सुंदर आला. उन्हात डोळे बारीक केलेली, जराशी लाजलेली.

सोमवारी मी साहेबांना वही दाखवली. ही आपल्या वाणाची पऱ्हाटी नाही, म्हटलं. त्यांनी फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. "यात बियाणं दिसतं का कुठं, मॅडम?" आणि ते हसले. आता लिहिताना लाज वाटते, पण मीही हसले.

दुपारी फ्लेक्सवाल्याकडून नमुना आला, एका साध्या कागदावर छोटा छापलेला. तो फोनवर घाई करत होता. मी माझ्या वडिलांची मुलगी. फूटपट्टी घेऊन बसले. फोन नंबर आकडा आकडा जुळवला, पत्ता पाहिला, कंपनीच्या खुणेचा हिरवा रंग बरोबर आहे ना ते पाहिलं. फोटोखाली मामीच्या तोंडी एक वाक्य होतं: मी हेच वाण पेरते, तुम्हीही पेरा. ते मी वाचलं नाही असं अजिबात नाही. वाचलं, आणि ते मामीच्या पदरावर चढत नाही ना एवढंच पाहिलं. जाहिरातीत असंच असतं, यापलीकडे डोक्यात काही आलं नाही. मग कोपऱ्यात 'तपासले' असं लिहून पूर्ण सही केली, खाली तारीख घातली. घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "सही करण्याआधी तीनदा पाहावं." मी म्हटलं, चारदा पाहिलं.

प्रदर्शनाच्या सकाळी तो फ्लेक्स उलगडला. कागदावर बोटाएवढी असलेली मामी आता आठ फूट उंच होती. वाक्यातलं एकेक अक्षर माझ्या हातभर. मैदानाच्या फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला मामी पहिली दिसत होती आणि पहिलं तेच सांगत होती. मी साहेबांना म्हटलं, वाक्य झाकता आलं तर बरं. ते तेव्हा उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी गुच्छ शोधत होते. "आता?" एवढंच म्हणाले. पाहुणे आले, सजवलेल्या पऱ्हाटीपाशी उभे राहून त्यांनी बोंडं मोजली आणि टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामीच्या गावच्या बायका आल्या. मारेगावहून काळीपिवळी जीप करून, सहाजणी. मामी नव्हती, तिच्या घरी म्हैस व्यायली होती. प्रदर्शनात येऊन घटकाभर फिरावं, काही नवं असलं तर पाहावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. लांबूनच त्यांनी फ्लेक्स पाहिला.

"अवं माय! हे तं आपली वहिनी!"

धावतच आल्या. एकमेकींना ढोसत, हसत, फोटोतल्या साडीवरून चिडवत. मलाही बरं वाटलं. मग त्यांच्यातली एक, जिचं वावर मामीच्या धुऱ्याला लागून होतं, ती खालचं वाक्य बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. बाकीच्यांचं हसू थांबलं.

"पेरते म्हणे," ती म्हणाली. "आमाले तं सांगतलं, साऱ्या बिया सारख्याच हायेत, पाण्याचा फरक हाय."

"म्या दोन डाव इचारलं होतं तिले," दुसरी म्हणाली.

"आपल्याले नाही सांगतलं अन् इथं पाटी लावून सांगून राह्यली."

मी हादरले. लोक म्हणतील, ही बाई कंपनीची जाहिरात करते, फार तर हसतील, असं मी धरून चालले होते. मामीनं चांगलं बी स्वतःपाशी लपवून ठेवलं, असा याचा अर्थ निघेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण त्यांच्या बाजूनं पाहिलं तर दुसरा अर्थच नव्हता. सगळ्यांची पऱ्हाटी जळालेली, तिचीच विहिरीजवळ उभी, आणि आता ही पाटी.

शेजारीण माझ्याकडे वळली. "तुमी तिच्या भाची ना, ताई? हे खरं हाय? वहिनीच्या वावरात हेच बी हाय?"

साहेब दोन हातांवर एका दुकानदाराशी बोलत उभे होते. त्यांनी बोलणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "आमचंच वाण आहे."

एवढं म्हणून मी थांबलेसुद्धा नाही. पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी प्रत्येकीला एकेक दिलं. तो आवाज माझा होता हे मला आजही खरं वाटत नाही. गोड होता, न अडखळता आला, आणि सोबत हसूही होतं. शेजारणीनं पत्रकाची घडी करून कमरेला खोचली. जाताना कुणी वर फोटोकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही स्टॉलवरची चादर काढत होतो तेव्हा, मामी समोर उभी होती. पहिल्या एसटीनं आली असावी. ती खूप वेळ वर पाहत राहिली. आठ फुटांची मामी आणि खाली ही, पायातल्या चपलेला माती लागलेली.

"हे म्या कवा म्हटलं वं?"

मी बोलत सुटले. कंपन्यांची पद्धत असते, सगळे असंच करतात, फोटो नुसता शोभेला, ते वाक्य जाहिरातवाले लिहितात. ती ऐकून घेत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "ते झालं. म्या कवा म्हटलं, तेवढं सांग."

"नाही म्हटलं तू."

"मंग?"

ती ड्रममधल्या पऱ्हाटीकडे वळली. एक बोंड बोटानं फिरवलं, दुसरं फिरवलं, देठाजवळचा हिरवा दोरा नखानं ओढून पाहिला.

"हेबी तूच केलं?"

"धागा धरला होता."

मामीनं तो दोरा परत नीट बसवला. मग सांगितलं. काल बायका गावी परतल्या त्या तिच्या ओट्यावर आल्याच नाहीत. आज तिच्या वावराची पारी होती, कापूस फुटून लोंबत होता. पहाटे शेजारीण धुऱ्यावरून गेली, हाक मारली तर म्हणाली, तुही पाटी पाह्यली यवतमाळले, भाचीनंबी हो म्हटलं, आमाले दुसरीकडं जाचं हाय. "वीस वर्सं झाली लगन होऊन," मामी म्हणाली, "असं कोनी म्हटलं नव्हतं मले." तिचे डोळे भरले, आणि मी तिला कधीच रडताना पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी नुसती खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

"हे काढलं तं तुले कामावरून काढतीन का?"

"काढतील, मामी."

ती विचार करत राहिली. माझं सगळं चुकलं होतं आणि विचार ती करत होती.

"मंग राहू दे. पन तू गावाले ये. बायायले तूच सांगतलं ना? तूच तोंडानं सांग, हे खोटं हाय म्हणून."

शिपाई काकांनी चहा आणला होता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिनं तो उभ्याउभ्या प्यायला आणि ती गेली. फ्लेक्स संध्याकाळपर्यंत तिथंच राहिला.

रविवारी मी गेले. मामी विहिरीजवळच्या तुकड्यात कमरेला ओटी बांधून एकटी वेचत होती. तिच्याशी न बोलता मी थेट धुरा ओलांडला. तिथं बाकीच्या सगळ्याजणी शेजारणीच्या वावरात होत्या, त्या खुरट्या झाडांतून सापडेल तो कापूस वेचत. मी येताना एसटीत सगळं जुळवून ठेवलं होतं. सांगून टाकलं. पाटी खोटी आहे. मामीचं बी दुसऱ्या कंपनीचं आहे. वाक्य कंपनीनं लिहिलं, सही मी केली, मामीला यातलं काही माहीत नव्हतं.

कुणी हात थांबवला नाही. थोड्या वेळानं शेजारीण म्हणाली, "परवा तुमीच हो म्हटलं."

"ते मी खोटं बोलले."

"मंग आज खरं बोलून राह्यल्या, हे कशावरून?"

खरंच, कशावरून?

"वहिनीनंच धाडलं असन हिले," मागून कुणी तरी म्हणालं.

"एवढं मोठं छापून लावलं. सायेब लोक आलते, टाळ्या वाजवल्या म्हणे. ते सारं खोटं, अन् हे एकटीचं खरं?"

शेजारीण आता सरळ उभी राहिली. ती चिडलेली नव्हती, आणि तेच मला सोसवेना. "आमची पऱ्हाटी जळाली, ताई. पाह्यता ना तुमी? चांगलं बी आमाले सांगतलं असतं तं वहिनीचं काय गेलं असतं? आमी काय तिचं वाईट केलं होतं?"

आमचं वाण ओलिताचं आहे, हे एव्हाना मला ऑफिसात कळलं होतं. त्या क्षणी मला एकच सुचलं. निदान ही माणसं ते बी विकत घेऊन फसू नयेत. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "अहो, ते वाण पाण्याच्या जमिनीसाठीच आहे. तुमच्या कोरड्या वावरात ते येणार नाही. तुम्ही ते घेऊ नका. मी कंपनीतली असून सांगते."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारीण हसली, अगदी थोडं.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "आता तं घेऊबी देत नाही."

मी परत धुरा ओलांडून आले. मामीनं मान वर न करता विचारलं, काय म्हणाल्या? मी शब्दन् शब्द सांगितला. ती म्हणाली, "वेच." मी वेचायला लागले. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळून सुईसारखी होतात, हे मला माहीत नव्हतं. माझी दहाही बोटं सोलून निघाली. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी वेचत होतो आणि अर्धा तुकडासुद्धा झाला नाही. एरवी सहा-सातजणींचं ते दुपारपर्यंतचं काम. पलीकडच्या वावरातून बोलण्याचे, हसण्याचे आवाज येत होते. मामी मधूनच थांबून तिकडे कान द्यायची.

मी नोकरी सोडली नाही. हे लिहिलंच पाहिजे, कारण मला ही गोष्ट सांगताना ते वगळायची सवय लागली होती. मला ती नोकरी हवी होती. हातात पगार येत होता, घरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं, आणि राजीनामा दिला तर वडिलांना काय सांगायचं हेही मला सुचत नव्हतं. मार्चमध्ये साहेबांनी मला बोलावून पेढा दिला. मारेगावच्या बाजूनं या वर्षी आपल्या वाणाची सगळ्यात जास्त विचारणा आहे, म्हणाले. "तुमच्या त्या फोटोची कमाल, मॅडम. लोक नाव घेऊन मागतात." त्याच आठवड्यात माझी नेमणूक पक्की झाली. पत्र वडिलांनी दोनदा वाचलं.

त्या काळात मी मामीकडे गेले नाही. आई दोनदा जाऊन आली. ठीक आहे म्हणाली, जरा वाळली आहे म्हणाली.

मेच्या शेवटी मारेगावात एका कृषी केंद्रासमोर कंपनीनं टेबल टाकलं. वर छत्री, मागे पाटी (या वेळी नुसत्या बोंडाची, ती मी निवडली होती), बाजूला पिशव्यांची खोकी, आणि टेबलामागे मी. बाजाराचा दिवस होता. अकराच्या सुमारास काळीपिवळी थांबली आणि त्या बायका उतरल्या. सहाजणी. मी मान खाली घालणार तेवढ्यात त्यांच्या पाठोपाठ मामी उतरली. शेजारणीनं तिची पिशवी धरली होती. कुणी काही तरी बोललं आणि त्या सगळ्या हसल्या, मामीसुद्धा.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठले. मिटलं एकदाचं, असं वाटलं. मग त्या रस्ता ओलांडून सरळ माझ्या टेबलाकडे येताना दिसल्या आणि मी परत खुर्चीत बसले.

मामी सगळ्यात पुढे होती. टेबलावर हात टेकून म्हणाली, "दोन पिशव्या दे."

"मामी, हे?"

"हेच."

मी पुढे वाकले. बायका चार पावलं मागे होत्या. "तुझं अर्धंअधिक वावर कोरडं आहे. तुला माहीत आहे ना, हे पाण्याचं आहे."

"मले माहीत हाय." तिनंही आवाज खाली आणला. "यायले म्या दहा डाव सांगतलं. आयकत नाहीत. म्या आता दुसरं पेरलं ना, तं म्हणतीन, पाह्य, आणखी एक लपवलं. म्हणून म्हटलं, चला, यंदा सारेच हे घेऊ. तवा कुठं ओट्यावर आल्या."

"पण मामी…"

"मले एकटीनं नाही होत वं," ती म्हणाली. "दे."

मी खोक्यातून दोन पिशव्या काढल्या. ती माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही, घाई असलेल्या माणसासारखी. मी त्या तिच्या हातात ठेवल्या. तिनं एक पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि पदराखाली धरली.

शेजारीण पुढे सरकली. पदर सावरून, हात टेबलावर पुढे करून म्हणाली, "मलेबी द्या, ताई. वहिनीनं घेतलं तेच."

तिच्या मागचीनंही हात पुढे केला. मी वाकून खोक्यातून पिशव्या काढत गेले.